'आयलंड टाइम' म्हणू नका

टँटीच्या मांडीवर टोपीचा गोल खोका होता आणि दुपारी तीनपासून तो तिनं एकदाही खाली ठेवला नव्हता. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बार्बाडोसच्या ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळावर आम्ही तीसेक जण डोमिनिकाच्या विमानाची वाट बघत होतो. विमान सुटायची वेळ होती दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आधी साडेपाच सांगितले, मग सात. मग फलकावर 'उशीर' एवढा एकच शब्द उरला. साडेनऊनंतर काउंटरवरची मुलगीही दिसेनाशी झाली.

त्या बेटांवर मावशीला टँटी म्हणतात. वयानं मोठ्या कुठल्याही बाईला तशी हाक मारली तरी चालते. ही टँटी बार्बाडोसमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची, मूळची डोमिनिकाची. (डोमिनिका वेगळी आणि डोमिनिकन रिपब्लिक वेगळा. डोमिनिका हे ग्वाडेलूप आणि मार्टिनिकच्या मधलं डोंगराळ बेट. तिथले लोक आयुष्यभर हा घोळ निस्तरत असतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.) दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिच्या थोरल्या बहिणीची माती होती. आपल्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी उरकण्याची घाई असते. लांबचा मुलगा पोचला तर पोचला. तिथली रीत उलटी आहे. शव शीतगृहात ठेवतात, रेडिओवर वार्ता वाचली जाते, त्यात नातलगांची नावं एकेक करून येतात, कोण लंडनला, कोण न्यूयॉर्कला, कोण शेजारच्या बेटावर. पाण्यापलीकडची माणसं पोचावीत म्हणून आठवडा-दोन आठवडे थांबतात. टँटीसाठी अकरा दिवस थांबले होते. पाद्री ठरला होता, चर्चची वेळ ठरली होती, त्याच्या पुढे कुणी थांबू शकणार नव्हतं.

"बाळा, तू जाऊन विचार," ती मला म्हणाली. "मी चारदा विचारून आले."

विचारायचं कुणाला? शेवटी सव्वाअकराला उड्डाण रद्द झाल्याचं आम्हाला सांगितलं ते सुरक्षारक्षकानं. कंपनीच्या माणसानं नव्हे. कारण नाही, लेखी काही नाही, रात्री झोपायची सोय नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी 'बहुतेक' विमान जाईल, एवढंच. आणि तेवढ्यात माझ्या शेजारचा एक पर्यटक, उन्हानं लाल झालेला, मनानं चांगलाच असावा, टँटीकडे बघून हसत म्हणाला, "रिलॅक्स. आयलंड टाइम!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती अजून उतरलेली नाही, म्हणून हा लेख.

विमान कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या पट्ट्यात मी नऊ वर्षं काढली. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पांवर पंपांची देखभाल हे माझं काम, त्यामुळे पायाला भिंगरी होती. या काळात कंपन्या आल्या, बुडाल्या, रंग बदलून परत आल्या. नाव कुठलंही घातलं तरी गोष्ट हीच राहते. एका कंपनीवर खापर फोडून मोकळं होण्यासारखा हा मामला नाही.

आधी त्या शब्दाचा समाचार घेतो. 'आयलंड टाइम' म्हणजे बेटावरची माणसं निवांत, वेळ न पाळणारी, घाई नसलेली. पर्यटनाच्या जाहिरातींनी हा शब्द विकून खाल्ला आणि पर्यटकांनी तो प्रेमानं घरी नेला. हा धादांत खोटा शब्द आहे. त्याच संध्याकाळी, त्याच धावपट्टीवरून लंडनचं मोठं विमान ठरल्या वेळी सुटलं. बेट तेच, वारा तोच, मनोऱ्यातला नियंत्रक तोच, सामान चढवणारी पोरंही तीच. मग एकाच विमानतळावर दोन घड्याळं कशी? लंडनला जाणाऱ्या माणसाचा वेळ हा वेळ, आणि डोमिनिकाला बहिणीच्या मातीला जाणाऱ्या बाईचा वेळ म्हणजे स्वभाव? टँटी पहाटे चारला उठून दोन बस बदलून कामावर जाणारी बाई होती. ती निवांत नव्हती. तिला ताटकळत ठेवलं होतं.

आपल्या मराठी वाचकाला या प्रवासाची कल्पना यावी म्हणून सांगतो. बार्बाडोस ते डोमिनिका हे अंतर साधारण मुंबई-रत्नागिरीएवढं. मी रत्नागिरीचा, त्यामुळे हे माप माझ्या अंगात मुरलेलं आहे. रात्रीची एसटी चुकली तर पहाटेची मिळते, तीही चुकली तर ट्रकवाल्याला हात करता येतो. त्या दोन बेटांमध्ये ट्रक नाही. बार्बाडोसला शेजारच्या बेटांवरून नियमित उतारू बोटसुद्धा नाही. ग्वाडेलूप, डोमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया या पट्ट्यात फ्रेंच बेटांच्या जिवावर एक वेगवान बोट चालते, बाकीच्यांनी आकाशाकडे बघायचं. तिथे विमान ही चैन नाही. तिथे विमान म्हणजे वडाप आहे, एसटी आहे, रुग्णवाहिका आहे, तिरडीला खांदा द्यायला निघालेल्या माणसांची गाडी आहे.

आपण लहानपणापासून वेस्ट इंडीज हा एक देश असल्यासारखं बोलत आलो. 1971 मध्ये वाडेकरांचा संघ तिथे मालिका जिंकून आला, गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा काढल्या, सरदेसाईंनी 642. ते जमैकात खेळले, त्रिनिदादला खेळले, गयानात खेळले, बार्बाडोसला खेळले. आणि हे सगळे प्रदेश तेव्हाही एका सरकारखाली नव्हते. वेस्ट इंडीज फेडरेशन नावाचं संघराज्य 1958 मध्ये जन्मलं आणि 1962 मध्ये मेलं. पण राजकारणात जे तुटलं ते जगण्यात जोडलेलंच राहिलं, कारण एवढ्याएवढ्याशा बेटांना एकेकट्यानं सगळं परवडत नाही. पूर्व कॅरिबियनच्या बेटांचं वरिष्ठ न्यायालय एकच आहे. त्याचं मुख्यालय सेंट लुसियात आणि अपिलाचे न्यायाधीश बेटोबेटी फिरून सुनावण्या घेतात. आठ प्रदेशांचं चलन एक आहे, 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 या दराला बांधलेलं. विद्यापीठ एक, त्याच्या शाखा जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, अँटिग्वात. कर्करोगाच्या किरणोपचाराचं केंद्र 2015 मध्ये अँटिग्वात उघडलं ते याच विचारानं, की आसपासच्या बेटांनी मिळून एक यंत्र वापरावं. विचार उत्तम आहे. पण ते यंत्र अँटिग्वात आणि गाठ झालेली बाई दुसऱ्या बेटावर. मधे पाणी. त्या पाण्यावरून तिला नेणार कोण, याचं उत्तर द्यायची जबाबदारी कुणाच्याही टेबलावर नाही.

कुणी म्हणेल, लहान विमानं, लहान धावपट्ट्या, डोंगरातले वारे, उशीर व्हायचाच. मी यंत्रांवर पोट भरणारा माणूस आहे, मला हे शिकवू नका. वैमानिकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. साबा बेटाची धावपट्टी उणीपुरी 400 मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. तिथे 19 आसनी ट्विन ऑटर उतरवणारी माणसं जगातल्या कुठल्याही वैमानिकाच्या तोडीची आहेत. मॉन्सेरातचा जुना विमानतळ 1997 मध्ये ज्वालामुखीनं गिळला. नवा 2005 मध्ये डोंगराच्या खांद्यावर बांधला, तिथे नऊ उतारूंचं विमान जातं. त्या विमानात बसण्याआधी माणसाला वजनकाट्यावर उभं करतात, बॅगेसकट. मी कित्येकदा उभा राहिलो आहे. काउंटरवरची मुलगी आकडा मोठ्यानं न वाचता हळूच लिहून घेते, मग वैमानिक त्या कागदाकडे बघून कोण पुढे, कोण मागे ते ठरवतो. जाडजूड गृहस्थ पंखांच्या जवळ, बारकी पोरगी शेपटाकडे. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. विमानाचा तोल तसाच साधतो. हे नीट सांगितलं तर म्हातारी माणसंसुद्धा समजून घेतात, मी पाहिलं आहे.

पण वजन जास्त झालं म्हणून बॅग उतरवायची आणि बॅगेच्या मालकाला सांगायचंच नाही, याला तोल साधणं म्हणत नाहीत. एकदा माझ्या बॅगेत उच्च दाबाच्या पंपाचं सील होतं. तळहाताएवढी वस्तू. ज्या बेटावर मी निघालो होतो तिथला पाण्याचा प्रकल्प त्या सीलवाचून बंद पडला होता. मी पोचलो, बॅग पोचली नाही. ती वजनासाठी मागे ठेवली हे त्यांना सुटण्याआधीच माहीत होतं. मला नुसतं सांगितलं असतं तर मी सील खिशात घालून नेलं असतं, कपडे गेले असते उडत. बॅग तिसऱ्या दिवशी आली. दोन दिवस त्या बेटावरची बाया-माणसं टँकरपुढे बादल्या घेऊन उभी होती आणि मी रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर. तांत्रिक अडचण मला समजते. माणसाला माणूस न समजणं मला समजत नाही. 'सांगितलं नाही' या दोन शब्दांत त्या प्रवासाचं सगळं दुखणं आहे.

आता लिआटची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा राग पुरा कळणार नाही. लीवर्ड आयलंड्स एअर ट्रान्सपोर्ट ही कंपनी 1956 मध्ये मॉन्सेरातला फ्रँक डिलाइल यांनी एका छोट्या पायपर अपाची विमानावर सुरू केली, मॉन्सेरात ते अँटिग्वा. 1971 मध्ये ती कोर्ट लाइन या ब्रिटिश कंपनीनं घेतली. 1974 मध्ये कोर्ट लाइन बुडाली तेव्हा अकरा सरकारांनी मिळून लिआट वाचवली. हे मोठं काम होतं आणि ते त्यांनी केलं, हे नोंदवलं पाहिजे. त्यापुढे चार-पाच दशकं ही कंपनी बेटांना शिवत राहिली. सकाळी अँटिग्वाहून निघालेलं विमान डोमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट करत बार्बाडोसला पोचायचं, रस्त्यात शिक्षक उतरायचे, नर्सा चढायच्या, शाळेची फुटबॉल टीम, कोर्टाची कागदपत्रं, कोंबडीची पिल्लं. कारभार मात्र वाईट होता. उड्डाणं रद्द व्हायची, सामान हरवायचं, आणि लोकांनी लिआटच्या आद्याक्षरांचे अर्थ लावले होते. 'लीव्ह आयलंड एनी टाइम', म्हणजे वाटेल तेव्हा बेट सोडा. 'लगेज इन अनदर टर्मिनल', म्हणजे सामान दुसऱ्याच विमानतळावर. 2013 मध्ये एका प्रवाशाचं उपरोधिक तक्रारपत्र इतकं पसरलं की अब्जाधीश रिचर्ड ब्रॅन्सन यांनीही ते जगाला वाचायला दिलं. जग पोट धरून हसलं.

मी हसलो नाही. या हसण्यानंच घात केला असं माझं ठाम मत आहे. पन्नास वर्षं लोक कोट्या करून राग जिरवत राहिले आणि मंत्र्यांना ते सोयीचं होतं. हसणारा माणूस मोर्चा काढत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, अशी गत झाली. आणि 2020 मध्ये महासाथीत विमानं जमिनीवर आली तेव्हा भागधारक सरकारांमध्ये कंपनी ठेवायची की मोडायची यावर जुंपली. बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट व्हिन्सेंट, डोमिनिका हे मुख्य भागधारक. बाकीची सरकारं वर्षानुवर्षं सेवा घेत होती पण पैशाची गोष्ट निघाली की तोंड फिरवत होती. आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, ज्यांच्याकडे विमानं जातात त्यांनी मार्ग टिकवायला किमान उत्पन्नाची हमी द्यावी अशी मागणी झाली होती. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे कोण देतो? सहाशेहून जास्त कामगार घरी बसले. कंपनीचं कलेवर अँटिग्वानं आणखी काही वर्षं कसंबसं ओढलं आणि जानेवारी 2024 मध्ये तेही थांबलं. त्याच वर्षी नायजेरियाच्या एका विमान कंपनीच्या पैशावर लिआट 2020 या नावानं नवा डाव मांडला गेला.

कामगारांचं काय झालं? तीस-तीस वर्षं विमानं दुरुस्त केलेले मेकॅनिक, काउंटरवर शिव्या खाल्लेल्या बाया, यांना नोकरी सुटल्याची कायदेशीर रक्कम मिळायला हवी होती. बार्बाडोसनं आपल्या हद्दीतल्या लोकांपुरती काही सोय केली. अँटिग्वाच्या सरकारनं 'अनुकंपा' या नावाखाली हक्काच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत देऊ केलं, तेही काही रोख, काही रोख्यांत, काही जमिनीत. अनुकंपा! हक्काच्या पैशाला अनुकंपा म्हणण्याइतका निर्लज्जपणा मी क्वचित पाहिला आहे. आमच्या गिरणी कामगारांच्या घरातल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवा, तो अर्थ विचारणार नाही.

आणि म्हणे पैसे नाहीत. पैसे कुठून येतात आणि कुठे जातात ते बघू. बार्बाडोसनं 1 ऑक्टोबर 2018 पासून विमानानं देश सोडणाऱ्यावर नवं शुल्क बसवलं. कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या गटाच्या बाहेर जाणाऱ्याला 70 अमेरिकी डॉलर, कॅरिकॉमच्या आतल्या प्रवासाला 35. शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला पाऊण तासात पोचणाऱ्या माणसाला जुन्या करांवर हे आणखी 35. उतरलेल्या बेटाची शुल्कं वेगळी, परतीच्या प्रवासाची वेगळी. सुरक्षा शुल्क, प्रवासी सेवा शुल्क, विमानतळ विकास शुल्क, नावं संपत नाहीत. कॅरिबियनमधल्या तिकिटात कर आणि शुल्कांचा वाटा जगाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट आहे, हे आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटनाच सांगत आली आहे. मी माझी जुनी तिकिटं काढून बसलो तेव्हा एका तिकिटावर मूळ भाड्याचा आणि करांचा आकडा जवळजवळ बरोबरीत होता. टँटीसारखी बाई महिनाभर म्हाताऱ्यांची अंगं पुसून जे कमावते त्यातला मोठा घास बहिणीला माती द्यायला जाताना कापून घ्यायचा, आणि त्या बदल्यात तिला रात्रभर लोखंडी बाकावर बसवायचं. याला कर म्हणतात? ही वाटमारी आहे.

दुसरीकडे हीच सरकारं परदेशी बड्या कंपन्यांना किमान उत्पन्नाची हमी देतात. म्हणजे मियामीहून, न्यूयॉर्कहून येणारं विमान अर्धं रिकामं आलं तरी खड्डा सरकारी तिजोरी भरणार. पर्यटक यायला हवा म्हणून हे करतात, मला कळतं, पोट त्यावर आहे. पण जी हमी परक्या कंपनीला हात जोडून देता, ती स्वतःच्या लोकांच्या प्रवासाला द्यायची वेळ आली की लगेच 'बाजार' आठवतो? पाहुण्याला पाटावर आणि घरच्याला उंबऱ्याबाहेर, ही कुठली रीत? लिआट बंद पडल्यानंतरच्या दिवसांत एका बेटावरून दीडशे मैलांवरच्या दुसऱ्या बेटावर जायला लोकांना मियामीमार्गे जावं लागलं. त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा. ज्याच्याकडे तो नाही त्यानं शेजारच्या बेटावरच्या आईला फोनवर बघावं.

बाजाराच्या हिशोबाचं ढोंग तर पुरे झालं. हे मार्ग बाजाराच्या जिवावर कधीच चालणार नाहीत, आणि त्याची कारणं साधी आहेत. वीस-पंचवीस मिनिटांचं उड्डाण म्हणजे दिवसात आठ-दहा वेळा इंजिन चालू-बंद, आठ-दहा वेळा चाकांवर आदळणं. झीज उड्डाणांच्या संख्येवर होते, किलोमीटरवर नाही. वर खारी हवा. पंपाचं पोलाद खाते ती विमानाचं अ‍ॅल्युमिनियम सोडेल का? सुटे भाग लांबून यायचे. उतारू एका बेटावर नव्वद हजार, दुसऱ्यावर पाच हजार लोकवस्तीतून जमवायचे. म्हणूनच ज्या देशांना अक्कल आहे त्यांनी हे काम बाजारावर सोडलेलं नाही. अमेरिका 1978 पासून, म्हणजे विमान व्यवसाय मोकळा केला त्याच वर्षापासून, लहान गावांची उड्डाणं सरकारी पैशानं टिकवते. नॉर्वे आपल्या फियोर्डांतल्या आणि बेटांवरच्या छोट्या विमानतळांसाठी सार्वजनिक सेवेचे करार करते. स्कॉटलंडच्या दूरच्या बेटांवर राहणाऱ्या माणसाला मूळ भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, तो तिथे राहतो एवढ्याच कारणावरून. भांडवलशाहीचे हे सगळे मोठमोठे देश. त्यांना बेटावरचा माणूस हा नागरिक वाटतो.

मी तर 'गाव तिथे एसटी' वाचत मोठा झालो. एसटीच्या गोडव्यांचं गाणं मी गात नाही. तिची दशा आणि 2021-22 चा कामगारांचा तो लांबलेला संप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण एक गोष्ट आपल्याकडे वादापलीकडची आहे, की तीन उतारूंसाठीसुद्धा मुक्कामाची गाडी वाडीवर गेली पाहिजे. ती तोट्यात गेली तर ओरड होते, बंद झाली तर त्याहून मोठी. कोकणची उतारू आगबोट बंद पडली त्याला जमाना लोटला, तरी आमच्या घरी आजोबा तिची आठवण एखाद्या गेलेल्या माणसासारखी काढायचे. पूर्व कॅरिबियनच्या लोकांनाही तशा दोन बोटी होत्या, फेडरल पाम आणि फेडरल मेपल. फेडरेशनसाठी कॅनडानं भेट दिलेल्या. अजून म्हातारी माणसं त्यांची नावं घेतात. डेकवर झोपून, बरोबर शिधा घेऊन बेटं पालथी घातलेली ती पिढी. साठ वर्षांपूर्वी हा समुद्र गरीब माणसाला ओलांडता येत होता आणि आज येत नाही, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी.

जमत नाही, हेही खोटं. 2007 च्या विश्वचषकाच्या वेळी दहा देशांनी 1 फेब्रुवारी ते 15 मे एवढ्या काळापुरता आपला सगळा प्रदेश एक केला. एका बेटावर पारपत्रावर शिक्का बसला की बाकीच्या नऊ ठिकाणी पुन्हा रांग नाही. क्रिकेटच्या पाहुण्यांसाठी जे साडेतीन महिने जमलं ते बेटावरच्या माणसासाठी सोळा मेला लगेच अशक्य झालं. स्पर्धा संपली, दारं बंद.

29 जून 2024 ला बार्बाडोसला भारत टी-20 विश्वचषक जिंकला आणि बेरिल वादळामुळे रोहित शर्माचा संघ तिथे अडकून पडला. आपल्या वाहिन्यांवर तीन दिवस तोच विषय होता. खास विमान गेलं, संघ आला, मरिन ड्राइव्हवर माणसांचा पूर लोटला. मलाही आनंद झाला, का होऊ नये? पण त्याच वादळानं 1 जुलैला कॅरिआकू आणि युनियन ही दोन छोटी बेटं झोपवली. छप्पर उरलं नाही अशा घरांतून माणसांना बाहेर काढायला आणि औषधं आत न्यायला छोटी बोट आणि छोटं विमान, एवढीच साधनं होती. अशा दिवशी कळतं की नऊ आसनांचं ते खडखडतं विमान ही वर्षभर पोसण्याची गोष्ट आहे. संकट आल्यावर भाड्यानं आणायची नव्हे.

मला काय हवं ते साफ सांगतो, म्हणजे नुसता आरडाओरडा केला असं कुणी म्हणायला नको. बेटांवरच्या रहिवाशाचं आपसातलं तिकीट करमुक्त करा, उद्यापासून. पर्यटकाकडून घ्या काय घ्यायचं ते. ज्या ज्या सरकारच्या धावपट्टीवर हे विमान उतरतं त्या प्रत्येकानं लोकसंख्येच्या हिशोबानं वर्गणी भरावी आणि ती न भरणाऱ्याचं नाव दर महिन्याला वर्तमानपत्रात छापावं. लिआटच्या कामगारांचे पैसे पुरे द्या. त्यात अनुकंपा नको, व्याज घाला. आणि उड्डाण रद्द झालं तर अर्ध्या तासात कंपनीच्या माणसानं समोर उभं राहून कारण सांगावं, रात्रीची सोय करावी, बॅग कुठे आहे ते सांगावं. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. लागते ती चाड.

काउंटरवरची ती मुलगी मला नंतर बाहेर भिंतीशी सापडली. रडत होती. "सर, मलाच वरून काही कळवत नाहीत," म्हणाली. "दोन महिन्यांचा पगार राहिलाय. लोक माझ्यावर ओरडतात, मी त्यांना काय सांगू?" तिच्यावर आवाज चढवायला आलेलो मी, मान खाली घालून परत फिरलो. ज्यांच्यावर ओरडायचं ते त्या इमारतीत नव्हते.

ती रात्र टँटीनं बाकावर काढली. मी तिला डोकं टेकायला माझी पिशवी दिली, ती घेतली नाही. बसूनच राहिली. पहाटे तिनं भाच्याला फोन केला आणि त्यांच्या क्रेओलमध्ये बराच वेळ बोलली. मला त्यातला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी विमान दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सुटलं. चर्चमध्ये घंटा वाजली असेल तेव्हा आम्ही मार्टिनिकच्या आसपास, ढगांच्या वर होतो. तिनं खिडकीकडे तोंड केलं होतं.

डोमिनिकाला उतरलो. दऱ्याखोऱ्यांच्या मधोमध ती धावपट्टी, पुढे समुद्र, नुकताच पाऊस पडून गेलेला. तिची बॅग आली नव्हती. काळा झगा त्या बॅगेत होता. ती फुलाफुलांच्या प्रवासी झग्यातच सरकपट्ट्याजवळ उभी राहिली, पट्टा रिकामा फिरून थांबेपर्यंत. मग तिनं मांडीवर सांभाळलेला खोका उघडला, काळी टोपी काढली, काचेत बघून ती दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली आणि बाहेर आली. भाचा गाडीला टेकून उभा होता. पांढरा सदरा, काळा टाय. त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत ओली माती लागलेली होती.